गाडीखालचा पुठ्ठा

सकाळी आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप, दूधवाल्याची बेल आणि वरच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी यांच्यात आणखी एक आवाज मिसळतो. खर्रर्र! सबनीसकाका गाडीखालून पुठ्ठा ओढत असतात. पुठ्ठा बाहेर आला की डॉक्टर एक्स-रे धरतात तसा ते तो दोन्ही हातांनी उजेडाकडे धरतात, चष्मा कपाळावर चढवतात, आणि गेटवरच्या तिवारीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल जाहीर करतात.

“आज पुरी!”

नवख्या माणसाला वाटेल, वा, म्हाताऱ्याकडे आज पुरीभाजीचा बेत दिसतोय. तसं काही नाही. रात्रभरात काकांच्या गाडीच्या इंजिनातून जे ऑइल गळतं, त्याचा पुठ्ठ्यावर पडलेला डाग पुरीएवढा आहे, एवढाच त्याचा अर्थ. डाग बारीक असेल तर “आज बत्तासा”. पुरीच्या पुढे गेला तर घावन. आणि फारच हाताबाहेर गेलं तर थालीपीठ. याच्यापलीकडे काकांच्या मोजपट्टीत काही नव्हतं. रसायनीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला जन्म काढलेला हा माणूस. तिथे सगळं थेंबाथेंबाने मोजलं असणार, आणि इथे मात्र थालीपीठ! मला आपलं वाटायचं, माणूस मुळात खादाड असावा.

तिवारी उत्तर प्रदेशचा, पण त्यालाही ही भाषा पाठ झाली होती. मी ऑफिसला निघाले की गेट उघडता उघडता तो बातमी द्यायचा, “दीदी, आज काकाजी का थालीपीठ है.” की मी समजायचे, आज पार्किंगमधून साडी सावरून चालायचं.

मी नवीन पनवेलच्या ह्या सोसायटीत राहायला आले ते दोन हजार आठच्या सुमारास. सामान उतरवत होतो. टेम्पोतून नवा फ्रिज खाली आला आणि पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात कॅनव्हासचे बूट घातलेले एक उंच गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, शेजारी आहेत, चहाला बोलावतील.

“नवीन फ्रिज? अभिनंदन,” ते म्हणाले. “खोकं टाकणार आहात का?”

ही आमची पहिली भेट. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, कुणाकडे काहीही नवीन आलं की काका अभिनंदनाला हजर. वस्तूकडे बघायचेसुद्धा नाहीत. आमच्या मजल्यावरच्या एका नव्या जोडप्याने तर हप्त्यावर एसी घेतला तेव्हा खोकं आधी काकांकडे पोचवलं आणि मग पेढे वाटले. इतका पुठ्ठा लागतो कशाला, तर गाडी जिथे, पुठ्ठा तिथे. काका लग्नाला गेले तरी हॉलच्या आवारात आधी डिकीतून पुठ्ठा काढून गाडीखाली सारायचे आणि मग हातात आहेराचं पाकीट घेऊन आत जायचे. दुसऱ्याच्या अंगणात डाग पाडायचा नाही, हे त्यांचं तत्त्व.

गाडीचं नाव मी सांगत नाही. दिवे गोल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, रंग एके काळी पिस्ता, असं म्हटलं की तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना कळलं. अशी गाडी म्हातारी झाली की गळणारच. काकांचे केस गळले, दात गळले, गाडीचं ऑइल गळलं. त्यात काकांना विशेष काही वाटत नव्हतं. विशेष वाटायचं ते लोकांना, की हा माणूस ती एकदाची दुरुस्त का करून घेत नाही?

तर काकांचा दुरुस्तीवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास औषधावर.

म्हणजे बाटलीवर. जुन्या पनवेलच्या बाजारात स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथे या बाटल्या मिळतात. ऑइलमध्ये ओतायच्या. लोक त्याला ॲडिटिव्ह म्हणतात, दुकानदार ‘स्टॉप लीक’ म्हणतो, काका औषध म्हणतात. त्यांनी मला एकदा लिफ्टची वाट बघताना सगळं शास्त्र समजावलं होतं. लिफ्ट बंद होती, त्यामुळे मला ऐकावं लागलं.

“हे बघा. इंजिनात रबरी सीलं असतात. रबर म्हातारं झालं की कडक होतं, आक्रसतं. मग फट पडते. फटीतून ऑइल. बरोबर? हे औषध रबराला पुन्हा मऊ करतं. मऊ झालं की ते जरा फुगतं, फट बुजते. कापाकापी नाही, ठोकाठोकी नाही. फक्त मुरायला वेळ द्यायचा.”

‘मुरू दे’ हा काकांचा परवलीचा शब्द. औषध ओतलं, मुरू दे. चहा उकळला, मुरू दे. सोसायटीत दोन बिऱ्हाडांचं भांडण झालं आणि कुणी काकांना मध्ये पडायला सांगितलं, तर ते म्हणायचे, “मुरू दे थोडं, आपोआप बसेल.” आणि गंमत म्हणजे बसायचंही. गळती मात्र काही बसत नव्हती. बाटल्या बदलल्या, दुकानं बदलली, पुरीचं घावन आणि घावनाची पुरी होत राहिली.

काकांचा मेकॅनिक हरेश. गाव उलवे, गॅरेज हायवेला. तो काकांवर जीव टाकायचा आणि काकांच्या नावाने कपाळावर हातही मारून घ्यायचा. महिन्यातून एकदा तो येऊन गाडीखाली शिरायचा आणि बाहेर येऊन तेच सांगायचा.

“काका, तुमी ऐका माजं. बाटल्या पुरे झाल्या. इंजिन खोलायला पायजे.”

“उघडायचं नाही,” काका म्हणायचे. “उघडलं की नवीन काहीतरी सापडतं.”

“सापडंल ना! सापडायलाच तर खोलतात.”

“मुरू दे, हरेश.”

“अवो, आमच्या उलव्याला विमान उतरंल काका, पन तुमचा ऑइल काय थांबाचा नाय!” विमानतळ येणार येणार म्हणून तेव्हा नुसतीच हवा होती, त्यामुळे ही शपथ भलतीच भारी होती. मग काका हरेशला वर नेऊन चहा पाजायचे, आणि हरेश पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा. इंजिन खोलायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं.

आता मी सेक्रेटरी कशी झाले ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं रामायण कळणार नाही. वार्षिक सभेला मी पाच मिनिटं उशिरा पोचले. बस्स, एवढंच. आमच्याकडे जो सभेला उशिरा येतो त्याची बिनविरोध निवड होते. चेअरमन मोहिते. निवृत्त अधिकारी, कडक इस्त्री, सोसायटी म्हणजे आपली कचेरी अशी ठाम समजूत. त्यांनी वर्षभर पाठपुरावा करून पार्किंगमध्ये लाल-करड्या रंगाचे नवे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. रोज सकाळी ते त्यावरून फेऱ्या मारायचे, पण चालताना नजर ब्लॉककडे. ब्लॉकवर पान थुंकलेलं दिसलं तर तिवारीची सकाळ गेली.

आणि अशात पंधरा ऑगस्ट आला.

झेंडावंदन झालं, जिलेब्या वाटल्या. मोहिते पांढऱ्याशुभ्र कुर्ता-पायजम्यात भाषण करून, हात जोडत जोडत मागे सरकत होते. मागे काकांची गाडी. आदल्या दिवशी पावसाने पुठ्ठा भिजून लगदा झाला होता, आणि ऑइल मोकळं सुटलं होतं. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. जय हिंद म्हणायला उघडलेलं तोंड तसंच उघडं ठेवून मोहिते बसले. उभे राहायला गेले, पुन्हा बसले. चौघांनी धरून उठवलं. पायजम्याच्या मागच्या अंगाला जे काही उमटलं होतं ते बघून बायकांनी पदर तोंडात कोंबले. मीही.

काका पुढे झाले, चष्मा कपाळावर चढवला, ब्लॉककडे वाकून बघितलं आणि मनापासून हळहळले, “अरेरे मोहिते! सकाळी घावन होतं हो. तुम्ही थालीपीठ केलंत.”

झालं! संध्याकाळीच तातडीची सभा. ठराव काय, तर गळती दसऱ्यापर्यंत थांबली नाही तर सदर वाहन सोसायटीच्या आवारातून बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, तर रस्त्यावर. आणि रस्त्यावर त्या गाडीचा एक पावसाळासुद्धा निभला नसता. भंगारवाला काय, टपूनच असतो. हे काकांना सांगायचं काम कुणाकडे? सेक्रेटरीकडे. मला मेलीला कुणी सांगितलं होतं उशिरा जायला!

मी वर गेले. दार उघडंच होतं. वन बीएचके, लख्ख स्वच्छ, आणि सामान इतकं कमी की आपल्या चपलांचा आवाज ऐकू यावा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक ग्लास, एक ताट आणि बिस्किटांचा डबा. भिंतीवर काकूंचा फोटो. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं. मुलगी नागपूरला, रविवारी फोन करते, हे काका स्वतःहून सांगायचे.

ठराव मी वाचून दाखवला. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

“ती गेली तर मग सकाळी मी खाली कशाला उतरू?” ते म्हणाले. मग जरा सावरून, “दसऱ्याला अवकाश आहे. मुरायला पुरेल.”

टेबलावर नवी बाटली होती. मी आपली उगाच उचलली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. काय करणार, पतपेढीत नोकरी, बारीक अक्षरं वाचायची खोड लागली आहे. त्यात सरळ लिहिलं होतं: औषध ओतल्यावर इंजिन चांगलं तापेल इतकी गाडी रोज चालवावी, तरच ते रबरापर्यंत पोचतं.

“काका, तुम्ही गाडी चालवता कुठे रोज? जागच्या जागी चालू करून बंद करता.”

“वाचलंय मी ते,” काका म्हणाले. “पण कुठे चालवू? भाजी चार पावलांवर, बँक चार पावलांवर. एकट्याने उगाच कुठे जायचं? पेट्रोल जाळत, वेड्यासारखं?”

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस दिसेल त्याला विचारायचा, “कुठे निघालात? चला, सोडतो, तिलाही फिरवायचंय.” आणि आम्ही सगळे, गाडीच्या वासाला आणि काकांच्या वीसच्या स्पीडला भिऊन, “नको नको, रिक्षा बोलावलीय” म्हणून पळायचो. औषध बरोबर होतं. पथ्य पाळलं जात नव्हतं.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, “उद्यापासून संध्याकाळी आपण काकांबरोबर फिरायला जायचं.”

“का?”

“गाडीला औषध लागू पडावं म्हणून.”

ह्यांनी टीव्हीवरून नजर न हलवता विचारलं, “तू सेक्रेटरी झालीस की नर्स?” पण आले. बडबड करत आले, पण आले.

मग काय, आमची वरात रोज निघायला लागली. पुढे काका आणि हे, मागे मी आणि माझ्या मांडीवर पुठ्ठा. कधी कर्नाळ्याच्या पायथ्याशी, कधी उरणच्या वाटेवर खाडीपर्यंत. तिथे रस्त्याकडेला कोळणी मासळीचे वाटे लावून बसलेल्या असायच्या. काका सारस्वत नव्हेत हो, शुद्ध शाकाहारी. पण ‘मॅडम, निवटी घ्या, जिती हायत’ अशी हाक आली की माझ्यासाठी कचकन ब्रेक मारायचे आणि नाकाला रुमाल लावून थांबायचे. मागून हॉर्नचा गोंधळ. काका खिडकीतून हात काढून म्हणायचे, “जरा थांबा, रबर तापतंय.” ट्रकवाल्याला काय कळलं असेल, देव जाणे.

सगळ्यात लांबची खेप आपटा गावाची. दसऱ्याला आपट्याची पानं आपट्यालाच चांगली मिळतात, ही काकांची स्वतःची समजूत. पनवेलच्या बाजारात ढिगाने असतात म्हणून सांगितलं, ऐकतील तर शपथ. दसऱ्याच्या आदल्या दुपारी गेलो. पाताळगंगेच्या काठाला गाडी उभी केली, पुठ्ठा सारला, आणि काकांनी डिकीतून थर्मास काढला. ह्यांनी आणि काकांनी पाण्यात दगड भिरकावायची पैज लावली. एवढे मोठे दोन घोडे, शर्टाच्या बाह्या सरसावून! काका जिंकले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. निघताना पुठ्ठा काढला. काकांनी एका बाजूने बघितला, उलटा करून बघितला. कोरडा. मग वाकून खालच्या मातीवरून बोट फिरवलं. तीही कोरडी.

“बत्तासासुद्धा नाही,” ते म्हणाले. आवाज एवढासा झाला होता.

दसऱ्याच्या दिवशी सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून उभ्या. मोहिते पुठ्ठा बघायला जातीने आले. काकांनी खर्रर्र ओढला. कोरडाठाक. तिवारीने टाळ्या वाजवल्या. मोहित्यांनी सोनं दिलं, मिठी मारली, पेढा भरवला. हरेश उलव्यावरून मुद्दाम आला होता. त्याने गाडीखाली डोकं घालून बघितलं आणि बाहेर येऊन कानाला हात लावला. “हारलो काका. आता विमान नाय उतरलं तरी चालंल.” सगळे पोट धरून हसले. गाडी राहिली. आम्ही जिंकलो.

आणि तिथून सगळं बिनसलं.

म्हणजे वरून बघायला काहीच बिनसलं नाही. सकाळी खर्रर्र व्हायचं. काका पुठ्ठा उजेडाकडे धरायचे. कोरडा. जाहीर काय करणार? तिवारी पहिले दोन-चार दिवस “क्या काकाजी, आज भी उपवास?” म्हणाला, मग तोही गप्प झाला. कोरड्या पुठ्ठ्याची कसली बातमी? गेट उघडताना तो मला आता पाण्याच्या टँकरबद्दल सांगायचा. हरेशला गाडीखाली शिरायचं कारण उरलं नाही, तो यायचा बंद झाला. पुठ्ठे टिकायला लागले, म्हणून काकांना कुणाच्या नव्या टीव्हीचं अभिनंदन करायला जायचं निमित्त उरलं नाही. मोहित्यांना तर ते दिसेनासेच झाले, कारण मोहित्यांना फक्त डाग दिसायचे. आणि आम्ही दोघं? औषध लागू पडल्यावर कोण पथ्य पाळतं? ह्यांच्या मालिका सुरू झाल्या, माझं दिवाळीचं फराळाचं सुरू झालं. संध्याकाळी काका जिन्यात भेटले की विचारायचे, “आज कुठे…?” आणि मी म्हणायचे, “आज नको काका, चकल्या राहिल्यात.”

मग एक दिवस सकाळी खर्रर्र झालंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, थंडी पडलीय, उशिरा उठत असतील.

भाऊबीज उलटल्यावर मी फराळाचं ताट घेऊन वर गेले. दार या वेळी लोटलेलं होतं. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. दाढी वाढलेली. पांढऱ्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली. ओट्यावर तोच एक ग्लास आणि तोच बिस्किटांचा डबा.

“काका, नाश्ता काय करता हो तुम्ही?” मी विचारलं. खरं तर मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

“बिस्किटं. चहात बुडवून.” त्यांनी ताटातली एक करंजी उचलली आणि परत ठेवली. मग त्या फोटोकडे बघत हसले. “हिला चाललं नसतं. हिचा नाश्ता गाडी ठरवायची.”

मला काही कळेना.

“आम्ही पूर्वी जुन्या पनवेलला होतो, तळमजल्याला. गाडी तेव्हाही गळायची. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच उभी असायची. सकाळी मी पुठ्ठा काढला की कुसुम आतून ओरडायची, ‘अहो, आज काय?’ मी एकदा गंमतीने म्हटलं, पुरीएवढा आहे. तर आत गेलो तेव्हा ताटात पुरी! दुसऱ्या दिवशी म्हटलं, घावनाएवढा. घावन. तेव्हापासून तो नेमच झाला. थालीपीठ म्हटलं की माझ्यावर खेकसायची, भाजणी संपलीय, जरा लहान गळू द्या म्हणायची. बत्तासा असला की नुसता चहा आणि वर खरोखर एक बत्तासा. देवाजवळच्या डब्यातला. हा फ्लॅट आम्ही दोघांनी बुक केला. ताबा मिळाला तेव्हा मी एकटा होतो. पहिल्या सकाळी इथे पुठ्ठा ओढला आणि म्हटलं, आता कशाला बघायचा? तेवढ्यात तो तिवारी गेटवरून ओरडला, ‘क्या निकला काकाजी?’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, चला, कुणीतरी विचारलं.”

ह्या माणसाला मी खादाड समजत होते! मी फराळाचं ताट झाकलं, उघडलं, परत झाकलं.

“तुम्ही सगळ्यांनी फार केलंत माझ्यासाठी,” काका म्हणाले. “गाडी राहिली. पण आता कुणी काही विचारत नाही हो.”

हे ते तक्रार म्हणून नाही बोलले. नुसतंच बोलले. मी खाली आले आणि ह्यांच्यावर कारण नसताना भांडले.

त्यानंतरची ही गोष्ट. सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा ठेवत होते. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकी थेट पार्किंगवर. बघते तर काकांच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. कॅनव्हासचे बूट. मला वाटलं, हरेश आला का? तर नाही, काकाच. जरा वेळाने ते कुशीवर वळून, कण्हत, गुडघे धरत बाहेर आले. हातात पाना. इकडे तिकडे बघितलं आणि पाना घाईने शर्टाखाली लपवला. मग घरी निघून गेले.

इतक्या महिन्यांत हरेशच्या आणि काकांच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही इंजिन पाठ झालं होतं. गाडीच्या पोटाखाली ऑइलचं चेंबर असतं, आणि चेंबरला खाली एक नट असतो. तो सैल केला की ऑइल थेंबथेंब टपकतं. औषधाने बरी झालेली गाडी काका स्वतःच्या हाताने पुन्हा गळती करून ठेवत होते.

अहो, पण ठराव? मोहित्यांनी एक डाग बघितला की गाडी रस्त्यावर! आणि ती नोटीस लिहिणार कोण, मीच! माझा चहा ऊतू गेला. मला काकांचा राग आला, मोहित्यांचा आला, माझ्या चकल्यांचा आला, आणि मग नुसतंच रडू आलं. ओटा पुसून दुसरा चहा होईपर्यंत अर्धा तास गेला, आणि रडत बसायला वेळ उरला नाही. कोपऱ्यावरून मोहित्यांच्या बुटांचा आवाज यायला लागला होता, आणि काका अंघोळ करून, दाढी करून, पांढरा शर्ट घालून पुन्हा खाली उतरले होते. कितीतरी दिवसांनी बटणं बरोबर लागलेली.

खर्रर्र!

काकांनी पुठ्ठा उजेडाकडे धरला. चष्मा कपाळावर चढवला. पण जाहीर काही केलं नाही. गेटकडे बघितलं. तिवारी मोबाइलमध्ये डोकं घालून होता. मग त्यांनी वर, एकेका खिडकीकडे बघितलं. बंद, बंद, पडदा, बंद.

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले.

“काका, आज काय?”

ते दचकले. मग पुठ्ठा माझ्याकडे वळवून, तिवारीला अजिबात ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “पुरी.”

“मग वर या. कणीक मळते. आणि येण्याआधी तो चेंबरचा नट घट्ट करून या.”

काकांचा चेहरा चोरी पकडलेल्या शाळकरी मुलासारखा झाला. मोहिते कोपऱ्यावर दिसायला लागले होते. “आवळा म्हणते ना लवकर!” मी दबक्या आवाजात दटावलं. “आणि उद्या पुठ्ठा कोरडा असला तरी मी विचारणार आहे. कोरड्याला घावन. परवा थालीपीठ. भाजणी भरपूर आहे माझ्याकडे.”

काकांनी खिशातून पाना काढला आणि, धुतलेल्या शर्टासकट, गाडीखाली शिरले. मोहिते थांबले. बाहेर आलेल्या दोन बुटांकडे बघून त्यांनी वर मला विचारलं, “काय हो सेक्रेटरी, गळती पुन्हा सुरू झाली की काय?”

“नाही हो,” मी म्हटलं. “मुरतंय.”

थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. माझे दोन्ही हात कणकेत. ह्यांनी दार उघडलं. काका उंबऱ्याबाहेर उभे होते, शर्टाला ऑइल, हात मागे लपवलेले. आत यायला पाऊल उचलेना.

“माझ्या बुटाला लागलंय थोडं,” ते म्हणाले. “तुमच्या लादीवर डाग पडेल. पुठ्ठा आहे का एखादा?”

“राहू दे हो,” मी आतून ओरडले. “पडू दे डाग.”